पाईप बनतो कसा त्यावरून तो निवडायचा कसा? सीमलेस, ईआरडब्ल्यू, प्लास्टिक, होज… सगळाच गोंधळ झालाय

नवी_देखभाल

नमस्कार मंडळी, एका छोट्या कारखान्यात मेंटेनन्स नुकतंच माझ्याकडे आलंय आणि पहिलंच काम जुन्या लाइन बदलायचं आहे. तीन लाइन आहेत, एक कॉम्प्रेस्ड एअरची २ इंची, ८ बार, दुसरी गरम पाण्याची, पाणी ७५ अंशांपर्यंत जातं, आणि तिसरी हायड्रॉलिक प्रेसची, १८० बार, तिथे काही अंतर स्टीलची ट्यूब आणि पुढे हलणाऱ्या भागाला होज.

आता होतंय असं की आमचे वरिष्ठ म्हणतात सगळीकडे सीमलेसच, म्हणजे बिनशिवणीचा पाईप टाका, विषय संपला, ठेकेदार म्हणतो एअरला पीव्हीसी टाकू, गंजणारच नाही, आणि माल देणारा म्हणतो ईआरडब्ल्यू, म्हणजे विजेने शिवण वेल्ड केलेला पाईप पुरेसा आहे. तिघंही ठामपणे सांगतात पण का ते कुणी सांगत नाही. मी इलेक्ट्रिकलमधून आलेय त्यामुळे मला मुळात हे बनतं कसं तेच नीट माहीत नाही. २ इंची पाईप कॅलिपरने मोजला तर बाहेरून ६०.३ एमएम, आतून ५२ च्या आसपास, म्हणजे २ इंच नक्की कुठे आहे त्याच्यात?? जाणकारांनी जरा मुळापासून सांगा, लांबलं तरी चालेल, मी सगळं वाचेन.

रोलिंग_मिल

ताई, प्रश्न एकदम बरोबर जागी विचारलात. आधी ते २ इंचाचं बघू. पाईप, ट्यूब आणि होज हे तिन्ही वेगवेगळ्या मापाने ओळखतात. पाईपचं माप नावापुरतं असतं, नॉमिनल, पूर्वी भिंती जाड असायच्या तेव्हा आतलं भोक त्या आकड्याच्या जवळ यायचं, पुढे स्टील सुधारलं, भिंत पातळ करता आली, पण आटे आणि फिटिंग जुनीच बसायला हवीत म्हणून बाहेरचा व्यास तसाच ठेवला आणि भोक मोठं होत गेलं. म्हणून २ इंची म्हणजे बाहेरून कायम ६०.३ एमएम, शेड्यूल म्हणजे भिंतीच्या जाडीचा वर्ग, तो ४० घ्या नाहीतर ८०, फरक सगळा आतल्या बाजूला. १४ इंचापासून पुढे मात्र आकडा म्हणजे खराच बाहेरचा व्यास. ट्यूब घेताना ओडी, म्हणजे बाहेरचा व्यास, आणि जाडी सांगायची, १६ बाय २ म्हणजे बाहेरून १६ एमएम, भिंत २ एमएम. आणि होज आतल्या भोकावर विकला जातो. ऑर्डर देताना एवढं स्पष्ट लिहिलं तरी निम्मे घोळ टळतात.

आता सीमलेस. बिलेट, म्हणजे स्टीलचा भरीव गोल ठोकळा, साधारण १२०० ते १२५० अंशांना लालबुंद तापवतात आणि तिरक्या बसवलेल्या दोन रोलरच्या मध्ये सोडतात. दोन्ही रोलर एकाच दिशेने फिरतात त्यामुळे बिलेट स्वतःभोवती गरगर फिरत पुढे सरकतं, बाहेरून दाब पडत असतो पण अगदी मधोमध ताण तयार होतो आणि धातू आतूनच उकलायच्या बेतात येतो, नेमकं त्याच जागी समोरून एक टोकदार प्लग धरलेला असतो, त्याच्यावर ते भोक उघडत जातं. रेमशाइडच्या राइनहार्ड आणि माक्स मानेसमान या भावांनी १८८५ च्या सुमाराला हे शोधलं आणि आजही तत्त्व तेच आहे. मग ती जाड नळी मँड्रेलवर, म्हणजे आत घातलेल्या दांड्यावर लाटून लांब आणि पातळ करतात. मी हे रोज बघतो तरी भरीव लोखंडात ड्रिल न लावता भोक पडताना बघायला अजून तितकंच भारी वाटतं.

पण एक लक्षात घ्या. सीमलेसला शिवण नाही हे खरं, पण त्याची स्वतःची खोड आहे. बिलेट एका बाजूने थोडं जास्त तापलं किंवा प्लग जरा हलला की भोक मधोमध पडत नाही, एका अंगाला भिंत जाड, दुसऱ्या अंगाला पातळ. म्हणून तर स्टँडर्डमध्येच, एएसटीएम ए १०६ बघा, जाडी साडेबारा टक्के कमी चालते. २ इंची शेड्यूल ४० ची जाडी ३.९१ एमएम, ती ३.४२ भरली तरी पाईप पास. हिशोब नेहमी त्या पातळ बाजूवर करायचा.

ईआरडब्ल्यूमध्ये पट्टी आधीच एकसारख्या जाडीची लाटलेली असते, त्यामुळे भिंत गोलाईभर जवळपास सारखी मिळते. पट्टी रोलरमधून जात जात गोल होते, शेवटी दोन्ही कडा इंग्रजी व्ही सारख्या जवळ येतात, तिथे काहीशे किलोहर्ट्झचा करंट देतात. तुम्ही इलेक्ट्रिकलच्या, स्किन इफेक्ट तुम्हाला मी काय सांगणार, एवढ्या फ्रिक्वेन्सीला करंट कडांच्या पृष्ठभागावरूनच पळतो, कडाच तेवढ्या वितळायला येतात आणि पुढचे रोलर त्या दाबून एक करतात. वेल्डिंग रॉड नाही, बाहेरचं कसलंही मटेरियल नाही. वितळलेला माल आणि ऑक्साइड बाहेर ढकलला जातो, त्याची उभी कड तयार होते, ती बाहेरून तासून टाकतात, आतून कधी तासतात कधी नाही. चांगल्या मिलमध्ये मग शिवणीचा पट्टा परत तापवून नरम करतात, अल्ट्रासॉनिक किंवा एडी करंटने तपासतात. बिघडतं कुठे, तर करंट कमी पडला किंवा दाब कमी पडला की कडा चिकटल्यासारख्या दिसतात पण एकजीव झालेल्या नसतात, किंवा ऑक्साइड आत अडकून राहतो. असा पाईप पुढे उभा फाटतो.

तुमच्या एअर लाइनचा हिशोब करून दाखवतो, बार्लोचं सूत्र, ताण म्हणजे दाब गुणिले ओडी भागिले दोन वेळा जाडी. ८ बार म्हणजे ०.८ एमपीए, गुणिले ६०.३, भागिले ६.८४, उत्तर येतं साधारण ७ एमपीए. ग्रेड बी स्टीलची यील्ड, म्हणजे ज्या ताणाला ते कायमचं ताणलं जायला लागतं तो, २४० एमपीए. एएसएमई बी३१.३ हा पाइपिंगचा कोड ईआरडब्ल्यूच्या शिवणीला ०.८५ चा गुणांक लावतं आणि सीमलेसला १, तो लावला तरी तुमच्या ८ बारला काय फरक पडतो? काहीच नाही. तिथे सीमलेस घेऊन पैसे घालवू नका, त्यापेक्षा आतून गंजू नये याची काळजी घ्या, कारण गंजाचे कण व्हॉल्व्ह आणि सिलिंडर खातात.

वेल्ड_इन्स्पेक्टर

वरच्या दादांशी सहमत आहे पण थोडं पुढचं सांगतो. लोकांच्या डोक्यात ईआरडब्ल्यू म्हणजे हलका माल असं बसलंय ते काढून टाकलं पाहिजे, बॉयलरच्या ट्यूबसुद्धा ईआरडब्ल्यू असतात, एएसटीएम ए १७८ त्याच्यासाठीच आहे. मोठ्या व्यासात तर सीमलेस मिळणंच अवघड. १९७७ ला सुरू झालेली अलास्काची तेलवाहिनी ४८ इंची आहे, वेल्ड केलेलीच. तसले पाईप प्लेट आधी यू आकारात मग ओ आकारात दाबून आतून आणि बाहेरून सबमर्ज्ड आर्कने वेल्ड करतात आणि शेवटी आतून ताणून गोल करतात. दुसरा प्रकार स्पायरल, कागदाची पट्टी तिरकी गुंडाळून नळी करावी तशी कॉइल गुंडाळत जातात, एकाच रुंदीच्या कॉइलमधून कोन बदलून वेगवेगळे व्यास निघतात.

तरीपण ईआरडब्ल्यूची जुनी बदनामी उगाच नाहीये. पूर्वी कमी फ्रिक्वेन्सीवर वेल्ड करायचे, त्या काळच्या पाईपांत नीट न जुळलेली शिवण आणि शिवणीलगत खाचेसारखा गंज हा त्रास बऱ्याच लाइनमध्ये सापडलाय. आजचा हाय फ्रिक्वेन्सी माल वेगळा, पण दाब सारखा वर खाली होत असेल, किंवा आतलं पाणी शिवण खाणारं असेल तर मी अजूनही शिवणीबद्दल दोनदा विचारतो आणि टेस्टचे कागद मागतो. नुसतं सर्टिफिकेट आहे का असं विचारून भागत नाही, हीट नंबर, म्हणजे स्टीलच्या ज्या वितळीतून पाईप आला तिचा क्रमांक, पाईपवर छापलेला आणि कागदावरचा जुळतो का ते उभं राहून बघावं लागतं.

एक्स्ट्रुजन_लाइन

मी प्लास्टिक पाईपमध्ये काम करतो आणि सगळ्यात आधी हे सांगतो, ठेकेदाराचं ते पीव्हीसी एअर लाइनला अजिबात लावू देऊ नका. कुणी कितीही सांगू दे. ८ बारला पाणी जेमतेम ०.०४ टक्के दबतं, पाईप फुटला की दाब लगेच शून्य. हवा मात्र दबून नवव्या हिश्श्यात बसलेली असते, ती सगळी ताकद फुटताना एकदम बाहेर येते आणि पीव्हीसी ठिसूळ फुटतं, त्याचे धारदार तुकडे उडतात. पाईपवर १० बार लिहिलेलं असतं ते पाण्यासाठी असतं. वर थंडीत ते आणखी ठिसूळ होतं आणि उन्हाने पृष्ठभाग खराब होतो. हवेसाठीच म्हणून बनवलेली वेगळी प्लास्टिक आणि अल्युमिनियमची सिस्टीम मिळते, ती घ्या नाहीतर गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस घ्या.

आता वर शिवणीची एवढी चर्चा झाली म्हणून सांगतो, प्लास्टिकच्या पाईपातपण शिवणी असतात, दिसत नाहीत एवढंच. स्क्रूने वितळवलेला माल डायमधून, म्हणजे साच्याच्या तोंडातून बाहेर येतो, नळी व्हायची तर डायच्या मधोमध एक गाभा हवा, तो गाभा हवेत तर राहणार नाही, त्याला बाहेरच्या डायशी जोडणारे पाय असतात, आम्ही स्पायडर म्हणतो. माल त्या पायांवर येऊन फाटतो आणि पुढे जाऊन परत जुळतो. तापमान किंवा दाब कमी असेल तर तो नीट जुळत नाही, पाईप बाहेरून गुळगुळीत दिसतो पण जोर आला की बरोबर त्याच सरळ रेघांवर चिरतो. पॉलिथिलीनसाठी म्हणूनच बरेच जण स्पायरल मँड्रेलची किंवा जाळीची डाय वापरतात. अल्युमिनियमच्या नळ्यांमध्येपण हेच, पोर्टहोल डायमध्ये धातू फाटून घन अवस्थेतच परत जुळतो.

डायच्या पुढे व्हॅक्यूमची टाकी, तिथे पाईप कॅलिब्रेटरला चिकटून बाहेरचं माप घेतो, मग पाण्याचे फवारे, मग ओढणारी मशीन. जाडी बऱ्यापैकी त्या ओढण्याच्या वेगावर ठरते, जास्त वेगाने ओढलं की भिंत पातळ. पीव्हीसी पावडरमध्ये येतं आणि उष्णता सहन होत नाही, जास्त तापलं तर हायड्रोजन क्लोराइड सोडतं, म्हणून दोन स्क्रूची मशीन आणि स्टॅबिलायझर लागतात. त्याचे कण नीट वितळून एक झाले का हे बघायला पाईपचा तिरका कापलेला तुकडा डायक्लोरोमिथेनमध्ये बुडवतात, कच्चा राहिलेला भाग पांढरट होऊन उकलतो.

गरम पाण्याचं बोलायचं तर साधं पीव्हीसी ६० अंशांनंतर संपलं, आणि ६० ला सुद्धा त्याची दाब झेलायची ताकद २३ अंशांच्या तुलनेत फक्त २२ टक्के उरते. सीपीव्हीसीमध्ये क्लोरीन साधारण ५७ टक्क्यांवरून ६३ ते ६९ पर्यंत नेतात, तेवढ्या बदलाने ते ९० च्या आसपास टिकतं, पण तिथेही दाब खाली आणावाच लागतो, ८२ अंशांना चौथाई समजा. पेक्समध्ये पॉलिथिलीनच्या साखळ्या एकमेकींना बांधतात, पेरॉक्साइडने, सिलेनने किंवा इलेक्ट्रॉन बीमने, त्याला ए, बी, सी म्हणतात आणि त्यात ए भारी सी हलका असा काही क्रम नाहीये, तो फक्त पद्धतीचा शिक्का आहे.

जी गोष्ट हमखास विसरली जाते ती म्हणजे वाढ. १० मीटरची लाइन ५० अंशांनी तापली तर स्टील ६ एमएम वाढतं, सीपीव्हीसी ३० च्या पुढे जातं, पीपीआर, म्हणजे पॉलिप्रोपिलीनचा पाईप, ७५ एमएमच्या घरात. दोन्ही टोकं भिंतीला आवळून टाकली तर पाईप सापासारखा वाकतो आणि जोड सुटतात. लूप द्या, क्लॅम्प सरकते ठेवा.

नवी_देखभाल

बापरे, एवढं सविस्तर! मनापासून धन्यवाद सगळ्यांना. पीव्हीसीचं आजच लेखी नाही म्हणून कळवते. पाईपवर एसडीआर लिहिलेलं असतं ते काय असतं? आणि हायड्रॉलिकबद्दल कुणी सांगेल का, आमच्याकडे आत्ता तिथे गॅल्व्हनाइज्ड पाईप आहे आणि होज दोन ठिकाणी घामेजल्यासारखा ओला दिसतोय.

एक्स्ट्रुजन_लाइन

एसडीआर म्हणजे ओडी भागिले जाडी. आकडा लहान तितकी भिंत जाड. पीई १०० या पॉलिथिलीनच्या ग्रेडमधला १०० म्हणजे २० अंशांच्या पाण्याने ५० वर्षं सतत भरलेला राहिला तरी १० एमपीए ताण झेलेल हे गृहीत धरलेलं असतं. त्याच्यावर १.२५ ची सेफ्टी लावली की एसडीआर ११ ला १६ बार आणि एसडीआर १७ ला १० बार येतो. तापमान वाढलं की हेपण खाली येतं.

काळं_रबर

ताई, मी होज बनवणाऱ्या प्लांटमध्ये क्वालिटी बघते. तो ओला दिसणारा होज आधी बंद करा, बाकी वाचन नंतर. आणि गळती कुठे आहे ते हाताने चाचपडू नका, हातमोजा असला तरीसुद्धा नाही. १८० बारला सुईएवढ्या भोकातून निघणारं तेल कातडी भेदून आत जातं, बाहेरून फक्त ठिपका दिसतो, दुखतही नाही सुरुवातीला, आणि काही तासांत बोट किंवा हात गमवायची वेळ येऊ शकते. दाब सोडा, मग पुठ्ठ्याचा तुकडा लांब काठीला लावून बघा. कुणाला लागलंच तर वाट न बघता सर्जनकडे.

आता होज कसा बनतो. मँड्रेलवर आतली रबराची नळी ओढतात, तेलासाठी बहुतेक वेळा नायट्राइल. नायट्राइलमध्ये अॅक्रिलोनायट्राइल जितकं जास्त तितकं तेल चांगलं झेलतं, पण थंडीत तितकंच कडक होतं, त्यामुळे प्रत्येक कंपाउंड हा तडजोडीचा मामला असतो. ईपीडीएम गरम पाणी आणि वाफेला छान, पण खनिज तेल लागलं की फुगून मऊ होतं, त्यामुळे काळा होज दिसला म्हणून उचलून लावला असं कधीच करू नका, दिसायला दोन्ही सारखेच असतात.

त्या नळीवर स्टीलच्या तारा. तारांवर पितळेचा पातळ थर असतो, तो दिखाव्यासाठी नाही, रबरातला गंधक पितळेतल्या तांब्याला रासायनिक पद्धतीने धरतो आणि तार रबराला घट्ट चिकटते. तारा विणायचा कोनसुद्धा ठरलेला. दाबाखाली नळीवर गोलाईतला ताण लांबीतल्या ताणाच्या दुप्पट असतो, त्यामुळे तार अक्षाशी ५४.७ अंशांवर असली की दोन्ही ताण बरोबर वाटले जातात आणि होज ना लांब होतो ना आखूड. कोन थोडा कमी असेल तर दाब आल्यावर होज आखडतो, जास्त असेल तर लांबतो. प्रत्यक्षात लांबी २ टक्के वाढणं ते ४ टक्के घटणं एवढी मुभा स्टँडर्डमध्ये आहे, म्हणून होज कधी ताणून बसवायचा नाही, थोडी ढील ठेवायचीच.

विणलेल्या होजमध्ये तारा एकमेकींच्या वरखाली जातात आणि दाबाच्या प्रत्येक धक्क्याला घासतात. स्पायरल होजमध्ये तारांचे थर समांतर असतात, चार किंवा सहा थर, मध्ये रबर, एक थर उजवीकडे एक डावीकडे, घासणं नाही, म्हणून जोरदार धक्क्यांच्या कामाला तो टिकतो. वर कव्हरचं रबर, त्याच्यावर ओली नायलॉनची पट्टी घट्ट गुंडाळतात आणि साधारण दीडशे अंशांच्या वाफेत व्हल्कनाइझ करतात. पट्टी आखडते, सगळे थर एकमेकांत दाबले जातात. होजच्या अंगावर कापडाची छापल्यासारखी नक्षी दिसते ना, ती त्या पट्टीची. शेवटी मँड्रेल काढून टाकायचा.

तुमच्या १८० बारला अर्धा इंची, विणलेल्या तारांचे दोन थर असलेला २एसएन पुरेल, त्याचं वर्किंग प्रेशर २७५ बार आणि फुटायचा दाब किमान ११०० बार, चौपट. पण कमीत कमी वळण १८० एमएम त्रिज्येचं हवं, फिटिंगच्या तोंडाशीच वाकवला तर चौपटीचा काही उपयोग नाही. अंगावरची छापील रेघ सरळ दिसली पाहिजे, ती पिळलेली दिसली म्हणजे होज पिळून बसवलाय. आणि सगळ्यात कमजोर जागा म्हणजे टोक. एका कंपनीचा होज आणि दुसरीचं फिटिंग अंदाजाने क्रिम्प करून, म्हणजे दाबून आवळून घेऊ नका, क्रिम्पचा व्यास त्या जोडीसाठी ठरवून दिलेला असतो, तो कॅलिपरने मोजून घ्या. होजवर तिमाही आणि वर्ष छापलेलं असतं तेही बघा, रबर नुसतं पडून राहिलं तरी ओझोन आणि उन्हाने म्हातारं होतं. मोटर किंवा वेल्डिंगजवळ स्टोअर करू नका.

रोलिंग_मिल

हायड्रॉलिकच्या त्या गॅल्व्हनाइज्डबद्दल मी सांगतो. ते काढाच. झिंकचं तेलातल्या अॅडिटिव्हशी जमत नाही, शिवाय त्याचे पापुद्रे सुटून व्हॉल्व्हमध्ये अडकतात. इथे वरिष्ठांचं बरोबर आहे, सीमलेसच घ्या, पण गरम लाटलेला पाईप नको, कोल्ड ड्रॉन ट्यूब. सीमलेस नळी आधी ॲसिडने साफ करून फॉस्फेट आणि साबणाचा थर देतात, मग डाय आणि प्लगमधून थंडच ओढतात, माप बारीक येतं, पृष्ठभाग गुळगुळीत होतो, पण ओढून स्टील कडक होतं म्हणून नंतर नॉर्मलाइझ करतात, म्हणजे तापवून पुन्हा नरम करतात, नाहीतर वाकवताना आणि टोकं फुलवताना चिरेल. ईएन १०३०५-४ मधलं ई२३५ प्लस एन मागा, एन म्हणजे नॉर्मलाइझ केलेलं. १६ बाय २ ला १८० बारला ताण ७२ एमपीए येतो, यील्ड २३५, म्हणजे तिपटीच्या वर. ट्यूब वाकवून न्या, आटे पाडून एल्बो लावत बसू नका, प्रत्येक आटा ही एक गळायची जागा.

एक सावधगिरी, डीओएम नावाची ट्यूब मिळते, ती दिसायला अगदी सीमलेस, पण मुळात वेल्ड केलेली आणि मग मँड्रेलवर ओढलेली. माल वाईट नाही, सिलिंडरला भरपूर वापरतात, फक्त सीमलेस म्हणून तुम्हाला कुणी देऊ नये.

नवी_देखभाल

होज बंद करून प्रेस थांबवला आहे, पुठ्ठ्याने बघितलं तर फेरूलच्या, म्हणजे टोकाच्या दाबलेल्या धातूच्या कड्याच्या अगदी मागेच बारीक धार होती. शेवटचा प्रश्न, माल आल्यावर लॅब नसताना मी स्वतः काय काय बघू शकते?

वेल्ड_इन्स्पेक्टर

चांगलं केलंत, थांबवलात ते. बॉल मायक्रोमीटर किंवा अल्ट्रासॉनिक जाडी मापक घ्या आणि प्रत्येक टोकाला गोलाईवर किमान चार जागी जाडी मोजा, कॅलिपर आतल्या गोलाईवर चुकीचं दाखवतो. सीमलेसमध्ये चारही आकडे थोडे वेगळे यायचेच, ते आले नाहीत आणि जाडी सगळीकडे अगदी सारखी भरली तर उलट विचारा की हा वेल्डेड तर नाही. टॉर्चने आत बघा, तासलेल्या शिवणीची रेघ तिरप्या उजेडात दिसते. तरी शंका असेल तर टोक घासून पॉलिश करा आणि त्यावर नायटल लावून घ्या, इथेनॉलमधलं पातळ नायट्रिक ॲसिड असतं ते, हे मात्र ज्याला सवय आहे त्याच्याकडून करून घ्या, शिवणीचा पट्टा वेगळ्या रंगाचा उठून दिसतो.

ईआरडब्ल्यूसाठी एक तुकडा कापून व्हाइसमध्ये किंवा तुमच्याच प्रेसमध्ये चपटा करा, शिवण दाबाच्या दिशेपासून ९० अंशांवर ठेवून, म्हणजे सगळं वाकणं शिवणीवरच येईल. नीट वेल्ड झालेला पाईप बराच चपटा होईपर्यंत शिवणीत उघडत नाही. उघडला तर ती हीट पूर्ण परत पाठवा, एकच पाईप नाही. आणि लाइन झाली की टेस्ट पाण्याने करा, हवेने नको, हवा आधी पूर्ण बाहेर काढून मगच दाब वाढवा.